रीपरमधला आरएस५के सॅम्पलर: रूप नाही, पण ढोल-ताशाचा आवाज ताब्यात आणून देतो

आधीच सांगून ठेवतो, ज्या गोष्टीचा हा रिव्ह्यू आहे ती दिसायला अगदीच रद्दड आहे. सरकारी फॉर्मसारखी राखाडी खिडकी, मधे सॅम्पलची (रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या तुकड्याची) वेव्हफॉर्म, आजूबाजूला स्लायडर आणि आकडे टाकायचे डबे, आणि नाव रीसॅम्पलोमॅटिक ५०००. हे नाव पूर्ण कोणीच म्हणत नाही, सगळे आरएस५के म्हणतात. रीपर नावाचं रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर आहे त्याच्यातच हा सॅम्पलर, म्हणजे सॅम्पल नोटांवर वाजवणारं साधन, येतो, वेगळं डाउनलोड नाही, वेगळे पैसे नाहीत. आणि फुकट मिळालेल्याची किंमत नसते म्हणतात ते इथे शंभर टक्के लागू आहे, कारण रीपर वापरणारे कितीतरी लोक हा एकदा उघडतात, बघतात, बंद करतात आणि कुठला तरी चकचकीत ड्रम प्लगइन शोधायला जातात.

माझं काम थोडक्यात सांगतो म्हणजे कुठल्या बाजूने बोलतोय ते कळेल. पुण्यात कॉलेजच्या एकांकिका असतात, फिरोदिया करंडकाच्या (कॉलेजांच्या स्पर्धेच्या) टीम असतात, त्यांना बॅकग्राउंड म्युझिक करून देतो, आणि गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचे प्रोमो, रील वगैरे. म्हणजे ढोल, ताशा, हलगी, संबळ, झांज हेच जास्त, आणि परदेशी सॅम्पल पॅकमध्ये ह्यातलं एक तर काही नसतं किंवा असलं तर ते 'इंडियन पर्कशन' नावाच्या फोल्डरमध्ये तबला आणि भांगड्याचा ढोल असतो, आपला पुण्याचा ढोल नाही. त्यामुळे सॅम्पल स्वतःच रेकॉर्ड करावे लागतात. नदीपात्रात पथकाची प्रॅक्टिस संपल्यावर दोन पोरांना थांबवायचं, एकेक टोला वेगळा वाजवून घ्यायचा, छोटा हँडी रेकॉर्डर लावायचा, आणि मागून भिडे पुलावरच्या गाड्यांचे हॉर्न येणारच ते गृहीत धरायचं.

आता असा घरचा सॅम्पल आणि विकतचा सॅम्पल ह्यात मोठा फरक असतो. विकतचा आधीच कापलेला, दाबलेला, साफ केलेला असतो, टाकला की वाजतो. घरच्या ढोलाचा टोला म्हणजे पहिल्या क्षणाला टिपरू (वाजवायची काठी) ढोलाच्या पानावर (ताणलेल्या पडद्यावर) आपटल्याचा टणकन आवाज, मग ढोलाच्या पोटातला घुमारा, आणि तो घुमारा दीड-दोन सेकंद संपतच नाही. हे दोन भाग वेगवेगळे ताब्यात घेता आले तरच तो टोला गाण्यात बसतो. नुसता फेडर (आवाजाचा दांडा) वर-खाली करून काही होत नाही, आणि माझा ह्या सॅम्पलरवर जीव बसला तो एवढ्यासाठीच, की फेडरला हात लावायच्या आधी जी कामं करायची असतात ती सगळी ह्या एका कळकट खिडकीत होतात.

सगळ्यात आधी शेपटी. म्हणजे टोल्याचा घुमारा. समजा गाणं १२० बीपीएमचं (मिनिटाला १२० ठोके) आहे, म्हणजे एक ठोका ५०० मिलीसेकंदांचा. ढोल प्रत्येक ठोक्यावर वाजतोय आणि प्रत्येक सॅम्पलची शेपटी दीड सेकंद लांब आहे, म्हणजे कुठल्याही क्षणाला तीन टोल्यांचा घुमारा एकमेकांवर चढलेला असतो. आता ह्या खालच्या फ्रिक्वेन्सीच्या लाटा आहेत, ६० हर्ट्झची एक लाट जवळपास १७ मिलीसेकंदांची, त्या कधी जुळतात तेव्हा आवाज फुगतो, कधी उलट्या पडतात तेव्हा एकमेकींना खातात, आणि मग होतं काय की सगळे टोले एकाच वेलॉसिटीला (किती जोरात मारलं त्याचा आकडा) लिहिलेत तरी एक मोठा ऐकू येतो, एक बारका. माणूस डोकं खाजवत बसतो की मिडी (कुठली नोट कधी, किती जोरात ह्याच्या सूचना) तर बरोबर आहे, मग हा असा का वाजतोय. मग कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारा) लावतो, मग लिमिटर (आवाजाला वरची हद्द घालणारा) लावतो, आणि आगीतून फुफाट्यात जातो. खरा ढोल असा वाजतच नाही, कारण खऱ्या ढोलावर सगळे टोले एकाच पानावर पडतात, दुसरा टोला पडला की पहिल्या टोल्याची थरथर तिथेच मोडते.

आरएस५केमध्ये ह्याला दोन साधे उपाय आहेत. एक म्हणजे मॅक्स व्हॉइसेस नावाचा आकडा, म्हणजे एका वेळी किती टोले वाजू द्यायचे, तो एकावर आणायचा. नवीन नोट आली की जुनी थांबते, बास. बऱ्याच वेळा एवढ्यानेच अर्धं मिक्स साफ होतं. फक्त एकदा कान देऊन बघा की जुना टोला तुटताना बारीक टिक्‌ असा आवाज येतोय का, येत असेल तर दोन व्हॉइस ठेवा आणि शेपटी दुसऱ्या उपायाने कापा.

दुसरा उपाय एन्व्हलप, म्हणजे आवाज वेळेबरोबर कसा चढतो-उतरतो त्याचा आकार. अटॅक (चढायचा वेळ), डिके (उतरायचा वेळ), सस्टेन (उतरून टिकणारी पातळी), रिलीज (नोट सुटल्यावर विरायचा वेळ), चारही आहेत. इथे एक गोष्ट नवीन लोकांना अडवते. 'ओबे नोट-ऑफ्स' नावाचा एक चौकोन आहे, त्यात टिक असेल तर मिडी नोट संपली की आवाज थांबतो, टिक नसेल तर नोट कितीही छोटी असो, सॅम्पल शेवटपर्यंत वाजतो. ड्रमसाठी मी टिक काढूनच ठेवतो, कारण नोटची लांबी मोजत बसायला वेळ कुणाला आहे. पण मग रिलीजचा स्लायडर हलवून काही फरक पडत नाही असं वाटतं आणि लोक म्हणतात ह्याचा एन्व्हलप चालत नाही. चालतो, फक्त शेपटी डिकेने कापायची. सस्टेन पूर्ण खाली, अगदी शून्य आवाजापर्यंत, आणि डिके किती मिलीसेकंद ते कानाने ठरवायचं. माझ्या ढोलाला १२० बीपीएमला साडेतीनशे ते चारशेच्या मधे कुठेतरी बरं वाटतं, म्हणजे पुढचा टोला यायच्या आत घुमारा उतरलेला असतो आणि मधे एक छोटी मोकळी जागा राहते. ती मोकळी जागा राहिली की टोला मोठा वाटतो, फेडर जिथे होता तिथेच असून. हे एकदा कानाला कळलं की मग सवयच लागते, आवाज कमी वाटला की आधी शेपटी बघायची.

ताशाला हे गणित अजून कडक लागतं. त्याच टेम्पोला सोळाव्या मात्रांची रोल म्हणजे एका ठोक्यात चार, दर १२५ मिलीसेकंदांना एक काडी. सॅम्पलची शेपटी चारशेची असेल तर पाऊस पडतोय असा आवाज येतो, ताशा नाही. मी ताशाचा डिके शंभरच्या आसपास आणतो आणि रोलच्या शेवटचा जो ठोका असतो, ज्याच्यावर हात संपतो, तेवढ्यासाठी वेगळा लांब शेपटीचा सॅम्पल दुसऱ्या नोटवर ठेवतो. पथकात वाजवलेल्यांना हे लगेच पटेल.

अटॅकचा स्लायडर मात्र जपून. शून्यावर असेल आणि सॅम्पलची सुरुवात वेडीवाकडी कापलेली असेल तर टक् असा आवाज येतो, एक मिलीसेकंद दिला की जातो. पण कुणीतरी सांगितलं म्हणून दहा-पंधरा मिलीसेकंद देऊन बसाल तर टिपरूचा टणका गेलाच म्हणून समजा, उरतो नुसता भोंगळ 'ढूम'. आणि टणका गेला की काय होतं ते एका पथकाच्या दादांनी मला चार शब्दांत ऐकवलं होतं. प्रोमो पाठवला, त्यांनी फोनवर ऐकला आणि मेसेज आला, "भारी झालंय, ढोल कुठंय?" आता ढोल तर होता, माझ्या मॉनिटर स्पीकरवर भिंती हलत होत्या, खालच्या काकू दोनदा विचारून गेल्या होत्या की वरती फर्निचर हलवताय का. पण फोनच्या स्पीकरमधून शंभर हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही येतच नाही, तिथे ढोल म्हणजे फक्त टिपरूचा तो टणका, आणि रील सगळं जग फोनवरच बघतं. म्हणून टणका हा वेगळा सांभाळायचा.

इथे आरएस५के एकटा पुरत नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. ह्याच्या एन्व्हलपला होल्ड नाही, आणि डिकेची रेघ वाकवायची सोय नाही. एफएल स्टुडिओ ह्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या सॅम्पलर चॅनेलमध्ये डिले, अटॅक, होल्ड, डिके, सस्टेन, रिलीज असे सगळे टप्पे आहेत आणि वर टेन्शनचे नॉब आहेत, ज्याने रेघेला पोट देता येतं किंवा आत ओढता येतं. ड्रमला ही फार कामाची गोष्ट आहे, कारण पहिले तीस-चाळीस मिलीसेकंद टोला पूर्ण ताकदीने राहू द्यायचा आणि मग झपकन उतरवायचा हे होल्डशिवाय नीट जमत नाही. आपल्याकडे रिमिक्सवाले बहुतेक जण एफएल वापरतात, त्यांनी हा रिव्ह्यू वाचून उगाच रीपरकडे पळायची गरज नाही, तुमच्याकडे आहे ते जास्त चांगलं आहे, फक्त एन्व्हलपचा तो टॅब उघडा म्हणजे झालं. रीपरमध्ये मी काय करतो, तर सॅम्पल आधी टाइमलाइनवर क्लिप म्हणून टाकतो, टेकचा (त्या क्लिपमधल्या आवाजाचा) व्हॉल्यूम एन्व्हलप उघडून हवा तसा आकार हाताने देतो, ती क्लिप रेंडर करून (नवी फाइल बनवून) मग सॅम्पलरमध्ये टाकतो. एक पायरी जास्त होते, पण आकार अगदी हवा तसा मिळतो आणि सॅम्पल कायमचा तयार होतो.

आता वेलॉसिटी, जिथे हा सॅम्पलर खरा खेळ करतो. मिडीमध्ये वेलॉसिटी १ ते १२७. आरएस५केमध्ये व्हॉल्यूमच्या शेजारी मिन व्हॉल्यूम नावाचा स्लायडर आहे, त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. त्याचा अर्थ असा की अगदी हळू वाजवलेली नोट किती आवाजाला वाजावी. हा पूर्ण खाली ओढला तर हळू नोटा जवळजवळ गायब होतात, पूर्ण वर, व्हॉल्यूमच्या बरोबरीला आणला तर हळू मारा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच. ह्या दोन टोकांच्या मधे कुठे ठेवायचा ह्यावर वाजवणारा माणूस आहे का मशीन आहे ते ठरतं. ताशाच्या रोलमध्ये मधल्या काड्या हळू पण ऐकू आल्या पाहिजेत, नाहीतर रोल तुटकी वाटते, म्हणून तिथे मी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवतो. ढोलाच्या थापीला उणे २० पर्यंत जातो, कारण थापी टोल्याच्या मागे राहिली तरच टोला पुढे येतो. हे आकडे माझ्या सॅम्पलचे आहेत, तुमचे वेगळे निघतील, पण दिशा हीच.

पॅड कंट्रोलरवर (बोटांनी वाजवायच्या चौकोनांच्या यंत्रावर) वाजवून रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी अजून एक. स्वस्तातल्या पॅडवर हळू वाजवलं तरी आकडे सत्तर-ऐंशीच्या खाली उतरत नाहीत बऱ्याचदा, मग मिन व्हॉल्यूम कितीही खाली ठेवा, तुम्ही त्या भागात पोचतच नाही. आधी मिडी एडिटरच्या खालच्या पट्टीत वेलॉसिटीचे दांडे बघा, मग सॅम्पलरला शिव्या द्या.

ह्याच्या पुढची पायरी म्हणजे लेअर. जोरात मारलेला ढोल हा हळू मारलेल्या ढोलाचा नुसता मोठा आवाज नसतो, त्याचा पोतच वेगळा असतो, जोरात मारला की टणका जास्त, पान ताणून वरचे सूर बाहेर येतात. म्हणून मी हळू, मध्यम, जोरात असे तीन वेगळे टोले वाजवून घेतो, आरएस५केच्या तीन खिडक्या एकाच ट्रॅकवर टाकतो, आणि प्रत्येकात मिन आणि मॅक्स वेलॉसिटीचे आकडे भरतो, पहिल्याला १ ते ५०, दुसऱ्याला ५१ ते ९५, तिसऱ्याला ९६ ते १२७. झालं, तीन थरांचा ढोल तयार, एक पैसा न घालता. ह्यात दोन खड्डे आहेत. पहिला, सॅम्पल सॉफ्टवेअरमध्ये टाकले की नॉर्मलाइज करायची (सगळ्यात मोठा क्षण म्हणजे पीक, तो ठरलेल्या पातळीला आणायची) जी हौस असते ती. तिन्ही वेगवेगळे नॉर्मलाइज केले तर हळू टोला आणि जोरातला टोला दोन्ही एकाच पीकवर येतात, म्हणजे वाजवणाऱ्याने घाम गाळून जो फरक दिला तो तुम्ही एका क्लिकने पुसला. रीपरमध्ये सगळ्या क्लिपना मिळून एकच गेन (आवाजाची वाढ) देऊन नॉर्मलाइज करायची सोय आहे, ती वापरायची, फरक तसाच राहतो आणि सगळ्यात जोरातला टोला तेवढा वर येतो. दुसरा खड्डा मिन व्हॉल्यूमचाच. रेकॉर्डिंगमध्येच हळू-जोरात आलेलं आहे, वरून मिन व्हॉल्यूम खाली ठेवला तर तोच फरक दुसऱ्यांदा लागतो आणि हळू टोले पार तळाला जातात. लेअर केले की मिन व्हॉल्यूम वर आणायचा, थोडीच उतरण ठेवायची म्हणजे एका थरातून दुसऱ्या थरात जाताना पायरी जाणवत नाही.

एकच सॅम्पल सलग वाजला की तो टकटक टकटक मशीनगनचा आवाज येतो, ताशात तर फारच. त्यासाठी एकाच खिडकीत पाच-सहा काड्यांचे सॅम्पल एकदम टाकून राउंड रॉबिन, म्हणजे ते पाळीपाळीने वाजवणं, करता येतं. मला मात्र जुनी पद्धत जास्त आवडते. प्रोबॅबिलिटीचा एक स्लायडर आहे, पहिल्या खिडकीत तो पन्नासवर ठेवायचा आणि वाजलेली नोट पुढे जाऊ न देण्याचा चौकोन टिक करायचा. म्हणजे अर्ध्या नोटा पहिली खिडकी खाते, उरलेल्या दुसऱ्या खिडकीत जातात आणि तिथला सॅम्पल वाजतो. क्रम ठरलेला नसतो, कधी तोच सॅम्पल लागोपाठ दोनदा येतो, कधी नाही, आणि माणसाचा हात असाच चालतो. दुसऱ्या खिडकीतला ताशा मी मुद्दाम एक-दीड डेसिबल खाली ठेवतो. उजवा आणि डावा हात कुणाचे सारखे पडतात?

इथपर्यंत वाचून वाटेल की मग ह्याला नावं ठेवायला जागाच नाही. आहे, भरपूर आहे. पॅडची चौकट नाही, म्हणजे एबलटन ह्या सॉफ्टवेअरच्या ड्रम रॅकमध्ये १२८ पॅड समोर मांडलेले असतात, सॅम्पल ओढून पॅडवर सोडला की काम झालं, आणि चोक ग्रुप म्हणजे बंद हायहॅटने उघड्या हायहॅटचा आवाज तोडणं हे एका मेनूत होतं. इथे प्रत्येक सॅम्पलसाठी एक खिडकी, ढोल-ताशा-झांज-हलगी मिळून पंधरा-वीस खिडक्या होतात, प्रत्येकात नोट स्टार्ट आणि नोट एंडचे आकडे भरा, आणि एका खिडकीने दुसरीचा आवाज तोडायला सरळ बटण नाही. झांजेला हे फार आड येतं, उघडी झांज खणखणत असताना मिटली की आवाज तिथेच थांबला पाहिजे, त्यासाठी उघड्या झांजेला ओबे नोट-ऑफ्स चालू ठेवून नोटांच्या लांब्या हाताने कापत बसावं लागतं. इंटरनेटवर लोकांनी ह्यासाठी स्क्रिप्ट लिहिलेल्या आहेत, जमणाऱ्यांनी वापराव्यात. पण ज्याला लगेच बसून बीट बनवायचीय, सेटिंगशी खेळायचा कंटाळा आहे, त्याचे ह्या सॅम्पलरबरोबर नाकी नऊ येतील हे नक्की.

सॅम्पलरच्या पुढे मी दोनच गोष्टी लावतो, त्याही रीपरमध्येच मिळतात. एक जेएस (रीपरच्या स्वतःच्या स्क्रिप्ट) प्रकारातला ट्रान्झियंट कंट्रोलर, ह्यात अटॅक, सस्टेन आणि आउटपुट एवढेच स्लायडर. ही कल्पना मुळात जर्मनीच्या एसपीएल कंपनीच्या ट्रान्झियंट डिझायनर नावाच्या यंत्रातून लोकप्रिय झाली, १९९८ साली आलं ते. कंप्रेसरला थ्रेशोल्ड लागतो, म्हणजे आवाज एका पातळीच्या वर गेला तरच तो काम करतो, ह्याला तसं नाही, टोला हळू असो वा जोरात, सुरुवातीचा उसळता भाग ओळखून तेवढाच वर-खाली करतो. दादांच्या त्या मेसेजवरचा खरा इलाज हाच होता, अटॅक थोडा वर, सस्टेन थोडा खाली, आणि फोनवर टिपरू ऐकू यायला लागलं. मास्टरचा मीटर जवळपास तिथेच. जास्त वाढवलं की मात्र ढोलाचा पत्र्याचा डबा होतो, कान ठेवून करा.

दुसरा रीकॉम्प, रीपरचा साधा कंप्रेसर. ढोलाला अटॅक तीन-चार मिलीसेकंदांचा लावला तर दोन गोष्टी बिघडतात, एक तर टणका कापला जातो, आणि दुसरं म्हणजे वर म्हटलं तसं ६० हर्ट्झची एक लाटच १७ मिलीसेकंदांची, तिच्या आतल्या आत कंप्रेसर चढ-उतार करायला लागला, त्यात रिलीजही झटपट असला, की आवाज फाटल्यागत होतो. अटॅक २५-३० वर ठेवा, टणका सुटून पुढे जाऊ दे, मग घुमारा दाबा. रिलीज पुढच्या टोल्याच्या आत सुटेल एवढाच. आणि ह्याच्या डिटेक्टरला (आवाज किती ते बघणाऱ्या भागाला) हायपास (खालचे सूर गाळणारा फिल्टर) आहे, तो शंभर-सव्वाशे हर्ट्झपर्यंत चढवला की ढोलाच्या पोटातल्या धमक्याने कंप्रेसर उगाच दचकत नाही, ढोल-ताशा एकाच बसवर (एकत्र केलेल्या चॅनेलवर) असतील तर ताशा प्रत्येक टोल्याला खाली बसत नाही. वेट (दाबलेला आवाज) आणि ड्रायचे (मूळ आवाज) स्लायडरही तिथेच आहेत, म्हणजे पॅरलल कंप्रेशनसाठी (दोन्ही मिसळायला) वेगळा ट्रॅक काढायची गरज नाही. एबलटनवाल्यांकडे ड्रम बस नावाचं एक डिव्हाइस आहे, त्यात ट्रान्झियंट, बूम (खालचा घुमारा), ड्राइव्ह सगळं एका ठिकाणी मिळतं, आणि ते खरंच मस्त आहे, मित्राच्या मशीनवर ऐकलं की हेवा वाटतो. पण त्याचं बूम ढोलावर लावू नका, ढोलाला बूम देवाने आधीच दिलेलं आहे.

लाउडनेसच्या मागे धावणाऱ्यांना एक वाक्य. यूट्यूब उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा भासतो त्याचं माप) आसपास वरचं गाणं स्वतःच खाली ओढतं, स्पॉटिफायचाही डिफॉल्ट तोच, त्यामुळे लिमिटरने ढोल चपटा करून तुम्ही मोठा आवाज मिळवत नाही, चपटा ढोल हळू आवाजात ऐकवता.

आता पैसे. रीपर जस्टिन फ्रँकेलने केलं, विनअँप ज्याने बनवलं होतं तोच, त्यामुळे सॉफ्टवेअर हलकं ठेवायचं हे त्याच्या हाडातच असावं. इन्स्टॉलर काही मेगाबाइटचा आहे, माझ्या जुन्या लॅपटॉपवर वीस सॅम्पलर उघडे असतानाही पंखा बोंबलत नाही. ६० दिवस पूर्ण फुकट वापरता येतं, काही बंद नसतं, सेव्ह होतं, एक्सपोर्ट होतं. नंतर सवलतीचं लायसन्स ६० डॉलर, म्हणजे आपले पाच-साडेपाच हजार रुपये, आणि ते घरी वापरणाऱ्यांना किंवा वर्षाची उलाढाल २० हजार डॉलरच्या आत असलेल्या धंद्याला चालतं, त्याच्यावर गेलात तर २२५ डॉलर. पुण्यात रील आणि एकांकिकांवर त्या आकड्याच्या वर कोण जातंय ते मला भेटायला आवडेल. ६० दिवसांनंतरही ते बंद पडत नाही, फक्त उघडताना आठवण करून देतं, आणि त्या आठवणीवर वर्षानुवर्षं जगणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. एका प्रोमोचे पैसे आले की लायसन्स घ्या राव, तेवढं तरी.

घ्यावं का? घरी रेकॉर्ड केलेले सॅम्पल असतील, ढोल-ताशा, हलगी, संबळ, दिमडी असलं काही काम असेल, आणि एकदा बसून सेटिंग लावायची तयारी असेल तर डोळे झाकून. तयार किट टाकून ट्रॅप-हाउस करायचं असेल तर एफएल नाहीतर एबलटन, इथे येऊन चिडचिड करू नका. आणि कुठल्याही क्लासमध्ये फी भरून 'पंची ड्रम्स' शिकायच्या आधी मॅक्स व्हॉइसेस, डिके आणि मिन व्हॉल्यूम हे तीन आकडे हलवून बघा, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांची नावं वेगळी असतील, पण असतील नक्की.

तीन थरांचा ढोल, दोन खिडक्यांचा ताशा, ट्रान्झियंट कंट्रोलर आणि कंप्रेसर सगळं लावून मी एक ट्रॅक टेम्प्लेट करून ठेवलंय, नवीन प्रोजेक्टमध्ये एका क्लिकवर येतं. कुणाला हवं असेल तर मागा, देईन. सॅम्पल मागू नयेत, ते पथकाचे आहेत.